विनापावती

क्लायपेदाच्या गोदीमागे, मासे सुकवायच्या जुन्या शेडवर
आमची कंपनी : दोन टेबलं, एक हीटर आणि रिमविदास.
तो दीपगृहं बांधतो, पडद्यावर.
मी तक्रारी वाचते.

आमच्या खेळात एक बंदर आहे.
होडी घ्यायची, जाळं टाकायचं, हेरिंग विकायची,
अंधारलं की दिव्याच्या अंदाजानं परत यायचं.
किंमत नऊ युरो. एवढ्यात इथे
बीटचं थंड सूप येतं, बटाटे वेगळे घ्यावे लागतात.

पहिल्या महिन्यात तीनशे चाळीस जणांनी खेळ विकत घेतला.
खेळत होते चार हजार.

कुलूप लावू या, मी म्हटलं.
रिमविदास हसला. त्याच्या बापाकडे
दोन खणांचा टेपरेकॉर्डर होता :
एका खणात खेळ, दुसऱ्यात कोरी कॅसेट,
आणि या खणातून त्या खणात
किंचाळत जाणारं अख्खं एक जग.
सगळी गल्ली त्या किंचाळीवर वाढली.
खेळ कुणीतरी बनवतं,
हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून त्यानं कुणाला हाकललं नाही.
ज्याची पावती खोटी, त्याची होडी
सर्व्हरनं हळूच वळवायची, उत्तरेला, धुक्यात.
तिथे दिवा लागत नाही. जाळं रिकामं येतं.
चोराच्या मनात चांदणं, म्हणतात;
आम्ही चांदणंसुद्धा काढून घेतलं.

आठवड्याभरात पत्रं यायला लागली.
‘दीपगृह बिघडलंय. दुरुस्त करा.’
‘असा फालतू खेळ विकायला लाज वाटत नाही?’
‘मुलगा रडतोय, किनारा कुठे आहे ते तरी सांगा.’
सगळ्यांना माझी एकच ओळ :
कृपया पावती क्रमांक कळवा.
त्यानंतर जी शांतता यायची
ती मी वहीत रेघा मारून मोजत असे.

अकरा जणांनी खरंच पैसे भरले.
त्या दिवशी रिमविदासनं धुरी दिलेली ईल आणली, अख्खी.
कीबोर्डला आठवडाभर वास येत होता.

पण घंटा बंद करायची राहून गेली होती.

प्रत्येक होडीवर एक घंटा आहे, शोभेची.
बंदरात ती कुणी वाजवत नाही, लोक मासे मोजत असतात.
धुक्यात दुसरं काहीच चालत नव्हतं.
तीन ठोके म्हणजे मी इथे.
दोन म्हणजे ऐकलं.
कुणी ठरवलं, ठाऊक नाही.

फेब्रुवारीपर्यंत नऊशे होड्या
कडेला कडा लावून उभ्या,
कुणी लिमातून, कुणी खार्किवमधून,
कुणी कुठून ते न सांगणारा.
दिसत कुणालाच काही नाही.
एक जण पहाटे घंटेनं हजेरी घेतो,
आणि कुणी गैरहजर असला तर पुन्हा घेतो.

मग ग्दिन्याहून एक पत्र. पावती खरी, क्रमांक खरा.
‘मी पैसे भरले आहेत.
रात्री जाळं ओढताना उत्तरेकडून घंटा ऐकू येतात.
तिकडे कसं जायचं?’

रिमविदासनं ते दोनदा वाचलं,
हीटर बंद केला. विचार करताना तो वीज वाचवतो.
‘धुकंच विकायचं का?’
मी वही मिटली.
त्या अकरांतल्या सहांनीही हेच विचारलंय,
हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

रात्री घरी मी आमचाच खेळ
नको त्या जागेवरून उतरवून घेतला,
कुणीतरी फोडलेला, फुकट.
होडी आपसूक वळली. पडदा पांढरा झाला.
मी तीन ठोके दिले.

बराच वेळ काही नाही.
खाडीपलीकडे जाणारी शेवटची फेरीबोट भोंगा देऊन गेली, खरी.
मग दोन ठोके, डावीकडून, इतक्या जवळून
की कुणीतरी आधीपासून शेजारीच बसलं असावं.
खाली अक्षरं उमटली :
नवीन दिसतोस. जाळं टाकू नकोस,
इथे काही लागत नाही.